लोकलहोस्ट, मुक्काम मिऱ्या

पप्पा जहाजावरून घरी आले की पहिले काही दिवस आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. ठरवून नाही, होतंच तसं. पप्पा जहाजाच्या इंजिन रूमला मोटरमन, म्हणजे मशीन सांभाळणारे. तिकडे कानांवर ते जाड मफ लावून धडधडीत उभं राहायचं आणि शेजारच्या माणसाकडचा पान्हा पाहिजे असेल तरी बोंब मारायची, ही सवय लागलेली. त्यामुळे घरी आल्यावर ते "जरा मीठ दे" म्हणाले की समोरच्या घरातली काकू मीठ घेऊन निघेल असा आवाज. मग आई ओरडते, "ओरडताव कशाला?" मी आईवर ओरडते, "तू कशाला ओरडतेस?" आणि मिऱ्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना कळतं की मोटरमन घरी आलाय. मग हळूहळू आवाज उतरतो. आणि एके दिवशी लक्षात येतं की पप्पा पडवीत आरामखुर्चीत बसलेत आणि काहीच करत नाहीयेत. मोबाईल नाही, पेपर नाही, डोळे मिटलेले. झोपलेले पण नाहीत. ऐकतायत.

त्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, काय ऐकताय एवढं? तर म्हणाले, "ती पाटा धुते हाय." मी कान दिला तेव्हा मला ऐकू आलं, मागच्या दारी आई पाण्याचा तांब्या पाट्यावर ओतत होती. आमच्याकडे मिक्सर आहे. पण पप्पा घरी असले की आई नारळाचं वाटप पाट्यावरच करते, एरवी नाही, आणि ह्याबद्दल दोघंही काही बोलत नाहीत. मिक्सरवरची आमटी आणि पाट्यावरची आमटी ह्यातला फरक मला तोंडात कधी कळला नाही, पण कानाला कळतो, एवढं खरं.

मग पप्पांनी मला काम सांगितलं. म्हणजे मागितलंच माझ्याकडे, आणि पप्पा कधी काही मागत नाहीत म्हणून मला ते एवढं मोठं वाटलं. "दीपू, तुज्या त्या मोबाईलात आवाज भरतात ना? ह्या घराचे भरून दे मला. तिकडं एकच आवाज गो. इंजिनाचा. झोपलो तरी उशीखालून येतो. दोन-तीन म्हयने गेले की डोक्यात घरातलं कायच वाजत नाय. तुमची तोंडं दिसतात, पण मुकी दिसतात."

मी म्हटलं, सगळं भरते. मागच्या समुद्राचा पण भरते.

"समुद्र नको," पप्पा म्हणाले. "तो हाय तिकडं."

झालं! मी कामाला लागले. फोन घेऊन घरभर. विहिरीवरचा पंप सुरू होताना आधी गुरगुरतो तो. फाटकाची कडी. नारळाची झावळ पडते तो आवाज भरायला तर मी माडाखाली तासन्‌तास बसले, एक झावळ पडेल तर शपथ, आणि आत चहा घ्यायला गेले तेव्हा पडली. मासळीवाली फाटकात येऊन "बांगडो घेतंस काय गोऽ" म्हणते तो मिळाला, पण त्याच्यामागे आमच्या मांजराचं जे काय चालू होतं ते पण आलं. आईचं अवघड होतं. तिच्यासमोर फोन धरला की ती बातम्या दिल्यासारखी बोलायची. "आता मी नारळ खवत आहे. नारळ आपल्याच माडाचा आहे." अगं आई, नेहमीसारखं बोल ना! "नेहमीसारखंच बोलत आहे." शेवटी मी फोन मसाल्याच्या डब्यांमागे, खिडकीत, चुलीशेजारी, मागच्या दारी पाट्याजवळ लपवून ठेवायला लागले आणि मग कुठे घर घरासारखं बोलायला लागलं. कुळथाच्या पिठीला लसणीची फोडणी बसते तो 'चर्र' मी तीनदा भरला, कारण प्रत्येक वेळी मलाच शिंक यायची.

इथपर्यंत सगळं छान होतं. इथेच थांबायला हवं होतं. सगळे आवाज एका फोल्डरमध्ये टाकायचे, पेनड्राईव्हवर चढवायचे, पप्पांच्या हातात द्यायचे. स्नेहल, माझी वर्गातली मैत्रीण, शब्दशः हेच म्हणाली. "फोल्डर कॉपी कर. डबल क्लिक. वाजलं. काका खूश. तू पण झोप."

पण मी तेव्हा बी.एस्सी. आयटीला होते आणि नुकतंच वेबसाईट करायला शिकले होते! ज्याला नवीन कोयता मिळतो तो दिसेल ती फांदी तोडतो, तसं झालेलं. मी पप्पांसाठी अख्खी वेबसाईट केली. पहिल्या पानावर आमच्या चिऱ्याच्या घराचा फोटो. स्वयंपाकघरावर क्लिक केलं की स्वयंपाकघरातले आवाज, पडवीवर क्लिक केलं की पडवीतले, विहिरीवर क्लिक केलं की पंप. लॉगिन पण ठेवलं. पासवर्ड पण. आवाजाखाली कॉमेंट लिहायची सोय पण. स्नेहलने विचारलं, "कॉमेंट कोण करणार?" पप्पा. "आणि वाचणार कोण?" पप्पा. ती इतकी हसली की स्कूटरवरून उतरावं लागलं तिला. आणि सगळ्यात भारी म्हणजे, मी असा प्रोग्रॅम लिहिला होता की आवाज चढवला की त्याचं नाव आपोआप बदलून लांबलचक आकडे-अक्षरांचं काहीतरी होईल. सुरक्षेसाठी! कोणापासून सुरक्षा, ते विचारू नका. त्यामुळे वेबसाईटशिवाय कुठली फाईल फोडणीची आणि कुठली मांजराची, हे मला स्वतःलाही सांगता येत नव्हतं.

जहाजावर नेट जवळजवळ नसतंच. पप्पांना महिन्याला थोडासा डेटा मिळायचा, त्यात चार ओळींचे मेसेज जायचे. म्हणून वेबसाईट त्यांच्याच लॅपटॉपच्या पोटात चालवायची होती. आईला मी समजावलं होतं ते असं, की लॅपटॉपच्या आत एक दुकानदार बसवायचा. ब्राउझर गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाने पान मागितलं की दुकानदाराने काढून द्यायचं. बाहेर कुठे जायची गरजच नाही. दुकानदाराचं नाव अपाची, आणि दुकानाचा पत्ता लोकलहोस्ट, म्हणजे इथल्या इथे, घरातच. आई म्हणाली, "मग पगार काय त्याला?" माझ्या लॅपटॉपवर हा दुकानदार इतका गुणी होता! बटण दाबलं की हिरवा, की पान हजर. मला वाटलं सगळीकडे तसाच असणार. आता मी पुण्यात बसून दिवसभर हेच करते, लोकांचे न उठणारे सर्व्हर उठवते, आणि फोनवर समोरचा माणूस रडवेला होऊन "माझ्याकडे तर चालत होतं हो" म्हणतो तेव्हा मला हसू येत नाही.

जहाजाचा कॉल कसा येतो ते ज्यांच्या घरी दर्यावर्दी आहे त्यांना माहीत आहे. महिनोन्‌महिने काही नाही, आणि मग एकदम, परवा निघा. पप्पांचा लॅपटॉप तोपर्यंत माझ्या हातात आलाच नव्हता. एजन्सीने त्यावर कसलातरी ट्रेनिंगचा कोर्स घालून दिलेला, आग, लाईफबोट वगैरे, आणि तो संपवल्याशिवाय चढू देत नाहीत, म्हणून पप्पा दिवसभर चष्मा लावून एका बोटाने उत्तरं देत बसायचे. शेवटच्या सकाळी, गाडी यायच्या दिवशी, त्यांनी लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "घे. बसव तुझा दुकानदार."

मी बसवला. सगळं चढवलं. स्टार्ट दाबलं. अपाचीचं नाव क्षणभर पिवळं झालं आणि मग खाली लाल अक्षरं धावत आली, की तो अनपेक्षितपणे बंद पडला आहे, कारण हे असू शकेल, ते असू शकेल, किंवा आणखी काही असू शकेल. परत दाबलं. पिवळं, लाल. परत. मी काढून टाकला आणि पुन्हा बसवला. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला. फायरवॉल बंद केली. अँटिव्हायरस बंद केला. लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि विंडोजला नेमकी त्याच वेळी अपडेट करायची हुक्की आली. तो गोल फिरतोय, फिरतोय, आणि आई मागून घावनांचं पान घेऊन उभी. "खाऊन घे. लागलं काय गो?" होतंय आई. "लाल दिसतंय." होतंय! "लाल म्हंजे बरं नव्हे ना?" मी घावन अख्खं तोंडात कोंबलं, म्हणजे बोलावं लागू नये.

मग मी नेटवर शोधलं. माझ्यासारखे जगभरातले हजारो लोक तीच लाल अक्षरं चिकटवून रडत होते. कोणी म्हणत होतं व्हिडिओ कॉलचं ॲप बंद करा. पप्पांकडे ते नव्हतंच. कोणी म्हणत होतं हे केलं आणि झालं, धन्यवाद. हे म्हणजे काय, ते लिहिलंच नव्हतं त्या बाबाने! मधेच मी ब्राउझरमध्ये नुसतं लोकलहोस्ट टाकून बघितलं, वेड्या आशेने. तर एक निळं पान उघडलं. त्यावर नांगराचं चित्र आणि इंग्रजीत प्रश्न, की आग लागल्यास सर्वप्रथम काय कराल? मला वाटलं एजन्सीने ब्राउझरला काहीतरी करून ठेवलंय. मी चिडून ते बंद केलं. ते पान मी बंद केलं हे आठवलं की मला आजही माझ्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते.

एवढ्यात पप्पा देवापुढे नारळ ठेवायला उभे राहिले. आमच्याकडे जहाजावर निघताना गाऱ्हाणं घालतात. घरचे, शेजारचे असतील तेवढे मागे उभे राहतात, एक जण देवाला सांगतो आणि बाकीचे होकार भरतात. पप्पांनी सुरुवात केली, आणि देवघर केवढं, आवाज केवढा! "बा देवा महाराजा, आज तुझं लेकरू दर्यावर चाललंय, त्याला सुखरूप पोचव महाराजा."

"होय महाराजा!"

"घरात मागं बायको हाय, पोर हाय, त्यांच्यावर नजर ठेव महाराजा."

"होय महाराजा!"

पप्पा थांबले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन उंबऱ्यात बसलेली, बोटं चालूच. "आणि माझ्या पोरीनं सकाळपासनं जो काय दुकानदार बसवलान हाय, तो जागचा हलत नाय, तर त्याच्या वाटेत जो कोण उभा असल त्याला बाजूला कर महाराजा."

"होय महाराजा!" समोरची काकू तर सगळ्यात जोरात म्हणाली. मी स्टार्ट दाबलं. सगळ्या शेजाऱ्यांनी वाकून बघितलं.

लाल.

गाडी आली. पप्पांना मुंबईपर्यंत सोडणारा बंड्यादादा हॉर्न देऊन खाली उतरला. आईने पप्पांच्या तळहातावर दही ठेवलं. बॅगा गेल्या. कुळथाच्या पिठाची पिशवी आणि लसणीच्या चटणीची बरणी गेली. पप्पा माझ्यापाशी आले आणि त्यांनी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं, माझी बोटं आत असताना. "ऱ्हाऊ दे गो. पुढच्या टायमाला." पुढचा टाईम म्हणजे जवळजवळ वर्ष. मला रडू येतंय हे मला कळलं नाही, पप्पांना कळलं, कारण त्यांनी लॅपटॉप माझ्या हातातून घेताना आधी त्याच्यावर पडलेलं पाणी शर्टाने पुसलं. उजवा पाय पुढे टाकून उंबरा ओलांडला, आणि गेले.

आणि फोन वाजला. स्नेहल. "झालं का गं?" मी म्हटलं नाही झालं, गेले पप्पा, आणि रडत रडत सगळं सांगितलं, लाल अक्षरं, अपडेट, आणि ते मूर्ख निळं पान.

"थांब थांब," ती म्हणाली. "काय टाकल्यावर ते पान आलं?"

"लोकलहोस्ट."

"अगं म्हैस! तुझा दुकानदार बंद, आणि लोकलहोस्ट टाकल्यावर पान आलं? मग ते दिलं कोणी? तिथे आधीच कोणीतरी दुकान टाकून बसलंय! काकांचा तो ट्रेनिंगचा कोर्स. तो पण आतल्या आत तसाच चालत असणार. ऐंशी नंबरचं दार त्याने अडवलंय. त्याला हलवू नको, एजन्सीचा आहे तो. तुझ्यावाल्याला दुसरं दार दे. आठ हजार ऐंशी दे. एक ओळ बदलायची आहे, दीपू, एक ओळ!"

एक ओळ! मी धावत अंगणात. गाडी फाटकातून नुकती बाहेर पडत होती, पप्पांच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती, मी तोंड उघडलं, "पप्प..." आणि आईचा हात खाडकन माझ्या तोंडावर. हाताला दह्याचा वास.

"मागनं हाक नाय मारायची!"

निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, आणि त्याने मागे वळायचं नाही. हे सगळीकडेच आहे, पण दर्यावर्द्यांच्या घरात ते नुसतं म्हणण्यापुरतं नाही. पप्पांच्या पहिल्या की दुसऱ्या सफरीला त्यांच्या विसरलेल्या चष्म्यासाठी आईने त्यांना फाटकातून परत बोलावलं होतं, आणि त्या वेळी त्यांचं जहाज वादळात असं सापडलं की कितीतरी दिवस घरी काही कळलं नव्हतं. ती त्याबद्दल आजही बोलत नाही. मी तिच्या हाताखालून म्हटलं, फोन करते मग. "फोन म्हंजे हाकच ना?" आई म्हणाली. आणि तसेही पप्पा हातखंबा सोडून हायवेला लागेपर्यंत फोन बंद ठेवतात. मी पायरीवर बसले. उपाय माझ्या डोक्यात, लॅपटॉप पप्पांच्या मांडीवर, मध्ये आईचा हात. इतकं असहाय मला नंतर कधी परीक्षेतसुद्धा वाटलं नाही.

स्नेहल तोपर्यंत स्कूटर घेऊन दारात आली होती. तिने एकूण प्रकार ऐकला आणि आईला विचारलं, "काकू, मागून नाही. पण समोरून हाक मारली तर?"

आई विचारात पडली. खरंच विचारात पडली, पदराला हात पुसत, कोर्टात निकाल द्यायचा असल्यासारखी. काकूकडे बघितलं. काकूने मान डोलावली.

"समोरनं चालल," आई म्हणाली. "पण पुढं जाऊन."

आम्ही सुटलो! मी मागे, केस डोळ्यांत, स्नेहल हॉर्नवर बोट ठेवूनच. बंदराच्या रस्त्याने गावात, मारुती मंदिराचा सर्कल, सगळ्या रत्नागिरीला त्याच दिवशी भाजी घ्यायची होती. कुवारबावला बंड्यादादाची गाडी दिसली, डिझेल भरून निघत होती. आता तिला ओलांडायचं. आणि मला घाम फुटला, कारण ओलांडताना आपण आधी मागे असतो, मग बाजूला, मग पुढे. मागून हाक नाही, हे कळलं. बाजूने चालतं का, हे आईला विचारायचं राहिलं होतं! मी ओढणी अख्ख्या तोंडावर ओढली, मान स्नेहलच्या पाठीत खुपसली, आणि माझ्या स्वतःच्या बापाच्या बाजूने मी एखाद्या चोरासारखी गेले. नंतर पप्पा म्हणाले की त्यांनी मला तेव्हाच ओळखलं होतं, पण ते समोर बघत राहिले, कारण त्यांनाही बाजूचं नक्की माहीत नव्हतं.

हातखंब्याला पुलाच्या कामाची धूळ, ट्रक, एस.ट्या. आम्ही चहाच्या टपरीसमोर स्कूटर आडवी लावली. गाडी आली तशी मी रस्त्यात जाऊन दोन्ही हात वर करून "पप्पाऽऽ" अशी हाक मारली की टपरीवाल्याने चहा सांडला. समोरून! बरोब्बर समोरून!

लॅपटॉप बॉनेटवर. बॅटरी लाल. बंड्यादादा घड्याळ बघतोय, "दीपू, फुडं सगळा रस्ता खणून ठेवलाय गो, आटप." ती फाईल उघडली. ओळ सापडली. ऐंशीच्या जागी आठ हजार ऐंशी. सेव्ह करायला गेले तर म्हणतो परवानगी नाही. मी इतकी ओरडले की एक बैल थांबला. स्नेहल म्हणाली, "श्वास घे. परत उघड, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून." उघडली. बदलली. सेव्ह. स्टार्ट दाबायला माझं बोट जाईना, तर पप्पांनी त्यांच्या एका बोटाने दाबलं.

पिवळं. आणि मग हिरवं. हिरवंच राहिलं.

आमचं घर उघडलं. हातखंब्याच्या नाक्यावर, गाडीच्या बॉनेटवर, धुळीत. मी पडवीवर क्लिक केलं. वाजत होतं, पट्टी सरकत होती, पण ट्रकच्या घरघरीत काही ऐकू येईना. पप्पा वाकले, स्पीकरला कान लावला, दुसरा कान हाताने झाकला. मी विचारलं, "ऐकू येतंय?"

"कायतरी वाजतंय."

"पत्ता लक्षात ठेवा. लोकलहोस्ट, मग दोन टिंबं, मग आठ शून्य आठ शून्य. नुसतं लोकलहोस्ट टाकलंत तर आग लागेल. म्हणजे आगीचा प्रश्न येईल." त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळलंय असं दिसेना. मी स्नेहलचं पेन घेऊन त्यांच्या तळहातावर लिहिलं. "हात धुऊ नका." ते म्हणाले, "मुंबईपर्यंत?" मी म्हटलं, जहाजापर्यंत. बंड्यादादाने दार लावलं आणि गाडी संगमेश्वरच्या बाजूला गेली, आणि मी तोंड घट्ट मिटून मागे उभी राहिले.

पुढचे महिने मला काहीच कळलं नाही. खरंच काही नाही. मी मेसेज करायचे, पप्पा, उघडलं का? उत्तर यायचं, सर्व ठीक, पाऊस आहे, आईला गुडघ्याचं औषध दे. मी विचारायचे, हिरवं होतं का? उत्तर, डेटा संपतोय, काळजी नको. मी लांबलचक सूचना लिहून पाठवायचे, हे दाबा, ते दिसेल, ते नाही दिसलं तर हे करा, त्या पोचायच्या की नाही देव जाणे. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "चाललाय काय त्यांचा दुकानदार?" आणि मी म्हणायचे, चालत असेल. कुठल्या समुद्रात कोणत्या लोखंडाच्या पोटात माझी ती वेबसाईट लाल आहे की हिरवी, हे मला इथे बसून कळणार नव्हतं, आणि कळलं असतं तरी मी काय करणार होते?

पप्पा आले. पहिले काही दिवस आम्ही ओरडून बोललो. मग आवाज उतरला. एका दुपारी ते पडवीत बसलेले, डोळे मिटून, आणि मी शेवटी विचारलंच. उघडलं होतं का?

"एकदा."

"एकदाच? आठ हजार ऐंशी विसरलात?"

"नाय विसरलो. ते बरोबर उघडलं." पप्पांना असलं बोलायची सवय नाही. "ते पाट्याचं लावलं मी. ड्युटी संपवून बंकवर पडलो होतो. वाटप वाटत होती ती. बरं वाटत होतं. डोळे मिटले. मग पाटा थांबला नि ती बोलली, 'अवो, उठा, पान वाढलंय.'"

मी ती फाईल किती वेळा ऐकली होती. पाटा नीट येतोय का, शिंक नाही ना, एवढंच ऐकून दर वेळी मधेच बंद केली होती. शेवटी आई काही बोलते हे मला माहीतच नव्हतं. फोन मी पाट्याजवळ चालूच विसरले असणार.

"मग?"

"मग काय. उठलो."

"उठलात म्हणजे?"

"उठलो गो. बंकवरनं उतरलो. चपला घातल्या. दार उघडलं नि बाहेर पाय टाकला, तर तो लोखंडी बोळ. दिवे लागलेले. मी तिथंच उभा. कुठं चाललो होतो ते माझं मलाच कळायला वेळ लागला." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "परत आलो. बंद केलं ते. मग नाय लावलं परत."

सॉरी म्हणावं की काय करावं, ते आवाज पुसून टाकू का विचारावं, त्यांचा हात धरावा, काहीच जमलं नाही. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच.

"म्हणजे चालत होतं ना, पप्पा?"

पप्पांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

"चालत होतं गो," ते म्हणाले. "लय चांगलं चालत होतं."